पाकळीचा ल

चाळीस पौंडांचा लॅपटॉप, धर्मादाय दुकानातला.
उजवी बिजागरी मोडकी, म्हणून उघडताना
पाठीला हात द्यावा लागतो,
आजाऱ्याला उठवताना देतात तसा.
त्यातली विंडोज मी पहिल्याच रात्री पुसली,
लिनक्स घातलं, आणि मग आठवडाभर
नव्या बिऱ्हाडात करतात तशी हलवाहलव:
खालची पट्टी डावीकडे, घड्याळ चोवीस तासांचं,
फोल्डरांचा निळा रंग काढून हळदीचा,
मागे टे नदीचा पूल, मीच काढलेला, जरा हललेला.
खिडकीतही तोच पूल आहे.
पण डंडीत जानेवारीत
चारच्या आत खिडकी बंद पडते.
पडद्यावरचा तेवढा चालू.

सगळं मनासारखं झाल्यावर
स्वतःचं नाव टाकलं: शलाका.
आणि तिथेच अडले.
श होता, पण गाठ मारलेला.
ल होता, पण दांडीला टेकून,
बसची वाट बघत असल्यासारखा.
चूक नव्हती. कुणालाही वाचता आलं असतं.
पण आजरेकर बाईंनी बोट धरून
पाटीवर गिरवून घेतलेला ल
दोन पाकळ्यांचा होता,
आणि तो मला हातानं येतो, डोळ्यांनी नाही.

शोधत गेले. कुठेही कुणी हिंदी असं लिहिलं नव्हतं,
फक्त मराठी लिहायचं राहिलं होतं.

लिहिलं. रात्री दीड वाजता, एका लपलेल्या फाईलीत,
जिच्या नावाआधी टिंब असतं.
बाहेर पडले, परत आत आले,
म्हणजे येऊ पाहिलं.
पासवर्ड मागतो. देते. काळोख.
पुन्हा पासवर्ड.
आणि दर खेपेला वर माझं नाव,
गाठ मारलेलं, दांडीला टेकलेलं.

सकाळी आर्ची गेडिस आले, खालच्या मजल्यावरचे,
माझं पार्सल चुकून त्यांच्याकडे गेलेलं.
एक्याऐंशी वर्षांचे. छापखान्यात खिळे जुळवण्यात
उमर गेली, आता हाताला कंप.
खिडकीच्या वाफेवर मी बोटानं ल काढला होता.
त्यांनी काच पाहिली, पडदा पाहिला.
मी समजावायला तोंड उघडणार, तोच म्हणाले,
"दुसऱ्या पेटीतला खिळा पडलाय."
देवनागरीचं अक्षर त्यांनी जन्मात वाचलेलं नाही.
इतक्या वर्षांत इथे मला
कुणी इतक्या कमी शब्दांत ओळखलं नव्हतं.
चहा टाकला.

तीन बटणं एकदम दाबली की
काळोखाच्या मागे आणखी एक खोली उघडते.
तिथे ना पूल, ना हळद,
नुसती पांढरी अक्षरं, आणि पुढचं काय असं विचारणारी रेघ.
ती टिंबवाली फाईल उघडली.
ओळ न् ओळ मी पाहिली, दोनदा.
आर्चींनी चष्मा कपाळावर ढकलला
आणि वाचायला शेवटाकडून सुरुवात केली, उजवीकडून डावीकडे.
सगळं आयुष्य त्यांनी उलटं वाचण्यात घालवलेलं.
"हे अवतरणचिन्ह उघडलंस," म्हणाले,
"मिटलंस कुठे?"

कुठेच नव्हतं मिटलं.
रात्रभर यंत्र माझं बोलणं संपायची वाट बघत होतं.

मिटलं. आत गेले.
पट्टी आली, पूल आला, जरा हललेला,
आणि पट्टीच्या कोपऱ्यात शलाका:
देठाचा श, पाकळीचा ल.
आर्चींनी पडद्याच्या इतक्या जवळ नाक नेलं
की काचेवर वाफ धरली.
"हा बरोबर बसला," म्हणाले, आणि बिस्किट बुडवलं, आणि ते तुटलं.

प्रवेशाच्या पानावर मात्र नाव अजून जुनंच येतं.
तो भाग सगळ्या यंत्राचा, त्याला वेगळी परवानगी लागते.
ती माझ्याकडे आहे, मालकीण मीच.
आज करू, उद्या करू म्हणत फेब्रुवारी आला.
दारावरच्या पाटीवरही घरमालकानं
माझ्या नावातला एक ए गाळलाय.
किल्ली लागते. मी आत येते.